चष्मेवाल्याच्या मुलीचं नाक

माणसाचा आत्मविश्वास शरीरात नेमका कुठे असतो, याबद्दल जाणकारांत बराच काळ मतभेद होते. कुणी म्हणे काळजात, कुणी म्हणे पाठीच्या कण्यात. चौकातल्या सौंदर्य-शस्त्रक्रिया केंद्राच्या डॉक्टरांनी हा घोळ कायमचा मिटवला. आत्मविश्वास नाकात असतो, मधल्या उंचवट्याच्या जरासा खाली. उंचवटा तासला की खाली दबलेला आत्मविश्वास आपोआप वर येतो.

ही बातमी चष्मेवाल्याला त्याच्या मुलीकडून कळली. चष्मेवाल्याचं दुकान केंद्राच्या अगदी समोर. उभी हयात लोकांच्या नाकांवर चष्मे बसवण्यात गेलेली. त्याचं स्वतःचं नाक म्हणजे धंद्याची फुकट जाहिरात होती. मधोमध असा भक्कम उंचवटा, की वाकून बुटाची नाडी बांधली तरी चष्मा जागचा हलायचा नाही. हेच नाक त्याच्या थोरल्या बहिणीला होतं, आणि हेच, कसलीही दुरुस्ती न होता, सोळा वर्षांच्या बिट्टीकडे आलं होतं. (बिट्टीला जाड भिंगाचा चष्माही होता, त्यामुळे नाक वाया जात नव्हतं.)

वर्गातल्या एका मुलाने बिट्टीचा बाजूने फोटो काढून सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलं, 'आधी नाक येतं, मग ही येते.' वर्गाने हसण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. तेव्हापासून बिट्टी भिंतीच्या कडेला बसू लागली. हसताना नाकावर हात धरू लागली, आणि मग हसायचीच थांबली. त्या मुलावर काही उपचार करावेत, असं कुणालाही सुचलं नाही. साहजिकच आहे, त्याचं नाक सरळ होतं.

"बाबा, मला हे नाक नकोय," ती एकदा जेवताना म्हणाली.

"अगं, काय वाईट आहे त्यात? माझं बघ."

"तेच तर बघतेय रोज."

चष्मेवाल्याचा घास हातातच राहिला. 'ही फ्रेम तुमच्या चेहऱ्याला शोभते' हे त्याने आजवर कुणाकुणाला पटवलं होतं. पण पोटच्या पोरीला तिचाच चेहरा शोभतो, हे काही त्याला पटवता येईना. शेवटी बायको म्हणाली, "पोर सुकत चाललीय हो. जाऊ द्या ते नाक."

डॉक्टर फार समजूतदार निघाले.

"वय जरा कमी नाही का हो?" चष्मेवाल्याने भीतभीत विचारलं.

"कमी वयातच केलेलं बरं," डॉक्टर म्हणाले. "उशीर झाला की माणसाला स्वतःची सवय होऊन बसते."

बातमी ऐकून आत्या आली. "बरं केलंत," ती म्हणाली. "मीच वेडी, इतकी वर्षं हेच तोंड घेऊन चार लोकांत मिरवले." आणि चहा न घेताच गेली.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली. (केंद्रातली प्रत्येक शस्त्रक्रिया यशस्वीच होते. नव्वद टक्के रुग्ण समाधानी असतात आणि उरलेले दहा टक्के पुन्हा येतात, म्हणजे त्यांचाही केंद्रावर विश्वास असतोच.) फक्त काही आठवडे नाकावर चष्मा ठेवायला मनाई होती. चष्म्याशिवाय बिट्टीला चार पावलांवरचं कपाट आणि आई यांत फरक कळत नसे. आरशात तिला एक गुलाबीसर धुकं दिसायचं, आणि ते धुकं तिला मनापासून आवडलं. ती खळखळून हसू लागली. घर पुन्हा घरासारखं झालं. केंद्राकडून 'समाधानी आहात का?' असं विचारणारा फोन नेमका याच दिवसांत येतो.

मग चष्मा चढवायची परवानगी मिळाली. चष्मेवाल्याने तो स्वतःच्या हाताने बसवला. चष्मा घसरला. त्याने पट्ट्या आत घेतल्या, काड्या वाकवल्या. पुन्हा घसरला. तो एका बोटाने वर धरून बिट्टीने आरशात पाहिलं. नाक सांगितल्याप्रमाणे सरळ होतं. ती बराच वेळ बघत राहिली.

"बाबा, माझी हनुवटी आधीपासून अशीच होती?"

हे ऐकून डॉक्टरांना आनंद झाला. "नजर तयार होतेय तिची," ते म्हणाले. पुढल्या भेटीत हनुवटीचं बघू या, असंही त्यांनी सांगितलं.

"आणि तिची डावी नाकपुडी शिट्टी वाजवते, त्याचं?" चष्मेवाल्याने विचारलं. "जिने चढताना धाप लागते. झोपते ती तोंड उघडं टाकून."

"श्वास हा दुसऱ्या विभागाचा विषय झाला," डॉक्टर सौम्यपणे म्हणाले. "आम्ही बाहेरची बाजू बघतो." (दुसऱ्या विभागाने आतला पडदा तपासला आणि नाक पुन्हा उघडावं लागेल असं कळवलं. तेही फार समजूतदार होते.)

वर्गात नवा फोटो फिरला: 'नाक गेलं, ही राहिली.' ठराव पुन्हा एकमताने मंजूर झाला.

एका दुपारी बिट्टी दुकानात भिंगं पुसत बसली होती. एक जुनं गिऱ्हाईक आलं. "मदतीला नवीन मुलगी ठेवली वाटतं?"

"माझी मुलगी आहे ही."

गिऱ्हाइकाने एका नाकावरून दुसऱ्या नाकाकडे पाहिलं. "हो का," ते अदबीने म्हणालं.

बिट्टी उठून आतल्या खोलीत गेली. चष्मेवाला मागोमाग गेला, तर ती रडत होती आणि प्रत्येक हुंदक्याला नाकपुडी शिट्टी वाजवत होती. तिलाच ते ऐकून हसू फुटलं. मग पुन्हा रडू आलं.

"बाबा, श्वासाचं तेवढं करून घेऊ," ती म्हणाली. "हनुवटी राहू दे. तिच्यात खोट आहे हे तिला अजून कळलेलं नाही."

चष्मेवाल्याने तिच्या चष्म्याला मागून दोरी बांधून दिली.

हल्ली तो ही हकीकत विचारेल त्याला सांगतो. लोक हळहळतात, डॉक्टरांना नावं ठेवतात, त्या वर्गाला तर अगदी फैलावर घेतात. आणि सगळं झाल्यावर, आवाज खाली आणून विचारतात, "पण खरं सांगा, आता दिसते कशी?"

तुम्ही सभ्य आहात. तुम्ही विचारलं नाहीत. पुढे कुठेतरी ते येईलच, म्हणून फक्त शेवटपर्यंत वाचत आलात.