ढोलकीचं उत्तर

ऑफिसातल्या साहेबांच्या मुलीच्या लग्नात क्लॅरिओनेट वाजवायचं कबूल केलं, त्या दिवसापासून कमलाकांत तळपदे पस्तावत होते. एरवी गिरगावातल्या बारशा-मुंजींत ते बिनधास्त वाजवीत. पण तिथे समोर साहेब नसत.

तिघांचा ताफा. पेटीवर मनमोहन कोठारे, हा म्होरक्या. ढोलकीवर डिलाईल रोडचा भिवा, दिवसा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. वाजवताना बोलायची सोय नसते, म्हणून मनमोहनने खुणा ठरवल्या होत्या. ज्याच्याकडे बघून तो हनुवटी उचलील त्याने एकट्याने, मनाला येईल ते वाजवायचं. भुवया वर गेल्या की लय वाढवायची. डोळे मिटले की थांबायचं. यातल्या पहिल्या खुणेची कमलाकांतांना मरणाची भीती होती. कागदावरचं ते अचूक वाजवीत, पण मनातलं म्हटलं की मन कोरं होई. म्हणून गेली दोन वर्षं ते मनमोहनच्या तोंडाकडे न बघता त्याच्या पायाकडे बघून वाजवीत आले होते.

छप्पन्न सालचा मार्गशीर्ष. दादरचा हॉल गच्च भरलेला. पुढच्या रांगेत साहेब, आणि त्यांच्या शेजारी नवऱ्यामुलाचे मामा, पोलीस इन्स्पेक्टर. चळवळीत दिसेल त्याची नोकरी गेली असं समजावं, अशी ताकीद साहेबांनी महिन्यापूर्वीच सगळ्या कारकुनांना उभं करून दिली होती. कमलाकांतांनी तेव्हापासून मोर्च्याच्या वेळी घराच्या खिडक्यासुद्धा लावून घेतल्या होत्या.

दुसरीच चीज चालू होती आणि पेटीतून फस्स असा आवाज आला. भाता फाटला. मनमोहनने घाबऱ्याघाबऱ्या कमलाकांतांचा गुडघा दाबला, त्यांनी दचकून वर पाहिलं, आणि समोर ती हनुवटी उचललेली. लगेच मनमोहन पेटीमागे वाकून दिसेनासा झाला.

कमलाकांतांना काही म्हणता काही सुचेना. लावलेल्या खिडक्यांतून महिनाभर जे कानांवर आदळत होतं तेवढंच डोक्यात उरलं होतं, आणि बोटं तिकडे गेली. क्लॅरिओनेट चढ्या सुरात म्हणालं, 'संयुक्त महाराष्ट्र'. शब्दांशिवाय, पण स्वच्छ.

भिवाच्या हाताला सवयच ती. ढोलकीने पाच थापांत उत्तर दिलं, 'झालाच पाहिजे'.

आपण काय वाजवलं हे कमलाकांतांना तेव्हा कळलं. 'अरे नको' असं सांगायला त्यांनी भिवाकडे पाहिलं, पण भीतीने भुवया कपाळावर गेल्या होत्या. भिवाने मान डोलावली आणि लय वाढवली.

ते दुसऱ्या सुरावर गेले, तिसऱ्यावर गेले. कुठूनही निघाले तरी ढोलकी त्याच पाच थापांवर आणून सोडी. शेवटी त्यांनी डोळे गच्च मिटले आणि वाजवणं बंद केलं. खूण ओळखून भिवाही थांबला. पण त्या शांततेत मागच्या रांगांतून, नवऱ्यामुलाच्या मित्रांनी, पहिला अर्धा भाग तोंडाने म्हटला. उरलेला अर्धा साऱ्या हॉलने. त्यापेक्षा वाजवलेलं बरं, म्हणून कमलाकांतांनी क्लॅरिओनेट पुन्हा तोंडाला लावलं. आता तर टाळ्याही सुरू झाल्या.

साहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. ते खुर्चीतून अर्धे उठले, पण त्यांच्याआधी इन्स्पेक्टर उठले. टाळ्या एकेक करून थांबल्या. बुटांचा आवाज करीत इन्स्पेक्टर मंचापाशी आले. कमलाकांतांना घरची सुमती दिसली, दोन मुलं दिसली, आणि आपण कोठडीत डबा खातो आहोत असंही दिसलं. नकळत त्यांनी दोन्ही मनगटं पुढे केली. एका हातात क्लॅरिओनेट होतं.

इन्स्पेक्टर खाली वाकून हळूच म्हणाले, "तुमचा ढोलकीवाला घाई करतो."

"जी?" मनगटं तशीच पुढे धरून कमलाकांतांनी विचारलं.

"'महाराष्ट्र' म्हटल्यावर जरा दम घ्यायचा असतो, मग 'झालाच'. तीन महिने आमच्या कोठडीतली पोरं म्हणतायत, रात्रंदिवस ऐकतोय मी. ती कधी ठेका चुकत नाहीत." मग भिवाकडे बोट दाखवून म्हणाले, "पुन्हा घ्या. सावकाश."

आणि ते जाऊन खुर्चीत बसले.

कमलाकांतांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब अजून अर्धे उठलेलेच होते. त्यांनी आधी मुलाच्या मामांकडे पाहिलं, मग त्यांच्या ताल धरू लागलेल्या बुटाकडे पाहिलं, आणि सावकाश खाली बसले.

कमलाकांतांनी सूर लावला. भिवाने या वेळी दम घेतला. त्या मोकळ्या जागेत साहेब विहीणबाईंकडे वळून म्हणालेले शब्द कमलाकांतांना स्पष्ट ऐकू आले.

"आमच्याच ऑफिसातला आहे."