वर्तुळं मोजायची समिती

एका जंगलात, बाळांनो, जमीन बाराही महिने गोठलेली असायची. उन्हाळ्यात वरचा हातभर थर तेवढा मऊ पडायचा. खाली दगडासारखा बर्फ. त्या बर्फाच्या जिवावर झाडं उभी होती आणि अस्वल महाराजांची गुहाही.

तिथे ठोकोबा नावाचा सुतारपक्षी राहायचा. सगळ्यात जुन्या झाडाच्या ढोलीत त्याची तीन पिल्लं होती. एके दिवशी झाड कललं आणि पिल्लं घरंगळत एका कोपऱ्यात गोळा झाली. ठोकोबाने खोडाला काडीएवढं भोक पाडून आतली वर्तुळं मोजली. झाडाला दरवर्षी एक वर्तुळ येतं, हे तुम्हांला शाळेत सांगितलं असेलच, तुमचं लक्ष नसेल. तिथे थंड उन्हाळ्याचं वर्तुळ बारीक आणि उबदार उन्हाळ्याचं जाड.

ठोकोबा दरबारात धावला. "महाराज, तीनशे वर्षांत नव्हती इतकी जाड वर्तुळं गेल्या वीस वर्षांत आलीत. खालचा बर्फ वितळतोय. निदान झाडं तरी राखा, त्यांच्या सावलीनेच तो टिकलाय."

"जाड वर्तुळं म्हणजे झाडांनी बाळसं धरलंय," सचिव लांडगे म्हणाले. "अभिनंदनाचा ठराव करू."

"अहो, माझं घर पडतंय!"

"एका झाडावरून कसं ठरवायचं?" महाराज म्हणाले. "तेही काडीएवढ्या भोकातून? वर्तुळ पूर्ण दिसलं पाहिजे. समिती नेमा. पाडा झाडं!"

झालं. समस्त उंदीर कुरतडायला बसले. लांडगे मोजायचे, जेवणाच्या सुट्टीत आकडा विसरायचे, मग पुढचं झाड पाडायचे. दर झाडागणिक ठोकोबाचं म्हणणं खरं ठरत गेलं. शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कारही झाला. त्या थंडीत श्रीफळ कुठून आणलं, ते विचारू नका.

शेवटी एकच झाड उरलं. ठोकोबाचं.

"हे नको हो," तो रडकुंडीला आला. "आता तर सगळं सिद्ध झालंय."

"तुमचंच झाड वगळलं तर लोक काय म्हणतील?" लांडगे समजुतीने म्हणाले.

ठोकोबाने पिल्लं शालीत बांधून उचलली. झाड पडलं. सावली गेली, पाठोपाठ बर्फ गेला, आणि महाराज गुहेसकट चिखलात खचू लागले. गळ्याशी चिखल आला तेव्हा त्यांनी अहवालावर पंजा उमटवला. "ऊब वाढल्याचे मान्य. झाडे राखावीत."

बसायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून ठोकोबा पिल्लं घेऊन महाराजांच्या डोक्यावर बसला. सवयीने त्याने चोचीने ठोकून पाहिलं. ढोलीला जागा ऐसपैस होती.

तात्पर्य : पुरावा नेहमी पूर्ण मागावा. तो हाती येईपर्यंत वाचवायला काही उरत नाही, आणि मग कुणालाच काही करावं लागत नाही.