शेषरावकाकांची सुट्टी

शेषरावकाका कुठंही गेले की आधी भिंती बघतात. दवाखाना असो, पिठाची गिरणी असो, नाहीतर हिंगोलीचं बसस्टँड असो. माणसांकडं लक्ष नंतर. "बोर्ड कुठं हाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. भाव काय, वेळ काय, सुट्टी कधी, तक्रार कोणाकडं करायची, हे सगळं भिंतीवर लिहिलेलं पाहिजे असा त्यांचा हट्ट. माझ्या चुलतबहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा वडीलधारं कोणीतरी हवं म्हणून मी काकांना नेलं. पोहे संपवून त्यांनी सगळ्यांसमोर मुलाला विचारलं, "पोरीला नोकरी करू देताव का न्हाई? आन् न्हाई म्हणत असताल तर कोणत्या कायद्यानं?" मुलाचा चहा बशीत सांडला. मला तर भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यातूनही लग्न जमलं, याचं मला आजही नवल वाटतं.

हिंगोलीत साड्यांच्या एका मोठ्या दुकानात आम्ही डझनभर माणसं कामाला आहोत. काकांकडं लग्नाच्या साड्या, शेजारी माझ्याकडं रोजच्या वापराच्या. दुकान उघडायच्या आधी काका येतात, पण आत येत नाहीत. समोरच्या टपरीवर डबा मांडीवर घेऊन बसतात आणि वेळ झाली की मगच उठतात. "आधीचं मिनिट माझं हाय. ते मालकाला काहून देऊ?"

कुठंही वाद झाला की ते गरजतात, "कलम बावन्न!" रिक्षावाल्याला बावन्न, गॅसवाल्याला बावन्न. एकदा मी विचारलं, काका, हे कलम बावन्न आहे तरी कशाचं? ते शांतपणे म्हणाले, "मलाबी ठावं न्हाई. पण आकडा टाकला की समोरचा जरा थांबतो." मी कपाळावर हात मारला.

असल्या माणसाला शेठनं कधीच घरी पाठवलं असतं. पण भवानीचं काय करणार? दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, काकांच्या हातून झाली की गल्ला भरतो, यावर शेठची देवावर असावी तशी श्रद्धा. म्हणून सकाळचं पहिलं गिऱ्हाईक, त्याला टॉवेल हवा असला तरी, काकांपुढं बसवायचं असा दुकानाचा नियम.

आठवड्याची सुट्टी मात्र कोणालाच नव्हती. दुकान रोज उघडं, आम्ही रोज उभे. माझा नवरा वारला तेव्हापासून माझी चार वर्षांची छकुली कुरुंद्याला माझ्या आईकडं असते. वर्षात दिवाळीनंतरचा एक दिवस आणि भीमजयंती, एवढ्याच सुट्ट्या, एवढीच आमची भेट व्हायची. एका खेपेला मी दारात चप्पल काढत होते. छकुलीनं मला नीट पाहिलं आणि आत ओरडली, "आज्जी, पाहुणी आली!"

दुसऱ्या दिवशी दुकानात जेवताना मी हे काकांना सांगितलं, तर त्यांचा घास हातातच राहिला. तसेच उष्ट्या हातानं ते शेठपुढं जाऊन उभे राहिले.

"शेठ, आठवड्याला एक दिवस सुट्टी हाय कायद्यानं. सगळ्यायला."

"काका, दुकान रोज उघडं ठेवायची परवानगी आहे मला."

"ठेवा की उघडं. दुकान कुटं थकून राहिलं? माणूस थकून राहिला."

ज्याला सुट्टी पाहिजे त्यानं कायमचीच घ्यावी, असं शेठनं सुनावलं. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, संपलं. काकांची नोकरी गेली, माझीही जाणार.

दुसरा दिवस बुधवार. काका आलेच नाहीत! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आखाडा बाळापूरच्या दोन बाया लग्नाचा बस्ता बांधायला आल्या, साड्यांचा ढीग उपसला आणि "बघून येतो" म्हणून निघून गेल्या. मग दुपारपर्यंत एक रुमाल खपला नाही. शेठनं पुन्हा पुन्हा उदबत्ती लावली, दाराचं लिंबू बदललं, शेवटी काकांना फोन लावला.

गुरुवारी काका बरोबर वेळेवर हजर. "सहा दिवस भवानी करतो. सातव्या दिवशी न्हाई. आन् सुट्टी सगळ्यायला." शेठनं पुष्कळ घासाघीस केली आणि मान्य केलं. प्रत्येकाला पाळीपाळीनं आठवड्याची सुट्टी, तसा बोर्ड भिंतीवर. फक्त एक अट. काकांनी भवानीला रोज यायचं.

"मंजूर," काका म्हणाले. ना वाद, ना बावन्न. माझा कानांवर विश्वास बसेना.

बुधवार माझ्या वाट्याला आला. पहिल्या बुधवारी छकुली आजीच्या पदराआड लपली. पुढं पुढं ती स्टॉपवर येऊन उभी राहू लागली. एस्टीतून मला उतरताना पाहून ती "आई" म्हणून ओरडली, त्या दिवशी मी रस्त्यातच रडले. पण काका रोज दुकानात, हे काही केल्या मनातून जाईना. एकदा मी चिडलेच. "सगळ्यायसाठी भांडलाव आन् सोताचा हक्क सोडून देलाव? बावन्न कुटं गेलं?"

काकांनी हातातल्या साडीला घडीवर घडी घातली.

"तुझी काकी जाऊन लई वर्सं झाली. लेक पुण्याला, त्याला फोन उचलायलाबी टाइम न्हाई. त्या बुधवारी सुट्टी घेतली ना म्या, तर दिवसभर घरातल्या भिंती बघत बसलो. एकाबी भिंतीवर लिहिलेलं न्हाई, आता काय करायचं म्हणून."

साऱ्या दुकानाला सुट्टी मिळवून देणाऱ्या माणसाला त्या एका सुट्टीची भीती वाटत होती, आणि इतकी वर्षं शेजारी उभं राहून मला ते कळलंही नव्हतं.

"शेठची अट भवानीपुरतीच हाय. येत्या बुधवारी भवानी झाली की माझ्यासंगं कुरुंद्याला चला," मी म्हणाले.

त्यांनी घडी केलेली साडी कपाटात ठेवली. मग म्हणाले, "तुझ्या आईला इचारलं का? घर तिचं हाय. हक्क तिचा हाय."

आईला विचारलं. बुधवारी काकांना न्यायला दुकानाशी गेले, तर टपरीचं बाकडं रिकामं. आधीचं मिनिट कोणाला न देणारे काका, इस्त्रीचा शर्ट घालून, बंद शटरपाशी उभे होते. शेठ किल्ल्या घेऊन समोरून येताना दिसले तशी त्यांनी तिथूनच हाक दिली.

"चला की लवकर, शेठ! भवानी उरकू. लेकरू वाट बघून राहिलं."