मगदूम अण्णांची पाहुणेवही

कॉम्प्युटरवर मधेच एखादी जाहिरातीची चौकट उगवली की मगदूम अण्णा तिला हात जोडून म्हणायचे, "या पावणं, बसा." थट्टेनं नव्हे, मनापासून. आणि एकदा बसा म्हटलं की त्या चौकटीला बंद करायचं नाही, हा त्यांचा नेम.

ही गोष्ट टेलिफोनच्या वायरीवर इंटरनेट यायचं तेव्हाची. आधी ते यंत्र पाच मिनिटं गळा काढायचं, मग कुठं लागायचं. राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत घरात कॉम्प्युटर आणणारे अण्णा पहिले. मी शेजारी राहणारा आणि कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा. त्यामुळं कुणाचाही माउस अडला की माझ्या जेवणाची वाट लागायची. अण्णा मला मास्तर म्हणायचे.

अण्णांनी तीस वर्षं एका साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसचं मॅनेजरपण केलेलं. साहेब येवो की साहेबाचा ड्रायव्हर, आधी चहा, मग वहीत नोंद. नाव, गाव, काम, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. रिटायर झाल्यावर पाहुणे संपले, पण सवय कुठली संपतेय? त्यांनी तशीच एक जाडजूड वही विकत आणली आणि कॉम्प्युटरशेजारी ठेवली.

त्यातल्या नोंदी मी डोळ्यांनी वाचल्यात. "नाव : अभिनंदन. गाव : अमेरिका. काम : आम्ही त्यांचे दहा लाखावे पाहुणे असल्याचे कळविले."

त्या दिवशी अण्णांनी गल्लीत पेढे वाटले. "जन्मभर दुसऱ्यास्नी पावणं म्हटलं मास्तर, आज कुनीतरी मला म्हटलं!"

"अहो अण्णा, ते सगळ्यांनाच म्हणतात."

"मग? मी बी सगळ्यास्नीच म्हणत हुतो की."

मी कपाळावर हात मारला आणि पेढा तोंडात टाकला.

एकदा अंगावर जेमतेम कपडे असलेली एक गोरी बाई उगवली. अण्णांच्या पत्नी, म्हणजे गल्लीच्या अक्का, पूजा अर्धी टाकून आल्या आणि त्यांनी स्क्रीनवर टॉवेल टाकला. अण्णांनी शांतपणे लिहिलं, "नाव : सांगितले नाही. काम : आमच्याशी मैत्री. सौ.ची हरकत." पण बंद केली नाही. टॉवेलाखाली ती बाई दुपारपर्यंत बसून होती.

शेवटी व्हायचं तेच झालं. सत्तावीस चौकटी एकावर एक चढल्या आणि यंत्र ठप्प झालं. अक्कांनी मला हाक मारली. मी तणतणतच गेलो.

"अण्णा, ही कोपऱ्यातली फुली दिसते? ती दाबायची. संपला विषय."

"दारात आलेल्याला फुली? आपल्या कोल्हापुरात?" अण्णा एवढे ओरडले की समोरचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला.

"पाहुणे नव्हेत हो ते! फुकटे आहेत सगळे!"

"फुकट्याला बी पानी इचारत्यात मास्तर."

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी अण्णा दूध आणायला गेलेत असं बघून मी त्या यंत्राची झाडून सफाई केली. एकही चौकट उगवू नये असा बंदोबस्त करून टाकला. अक्का खूश, मी खूश.

आठ दिवसांनी अण्णा क्लासच्या दारात येऊन उभे राहिले. हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, कोन येईना झालंय हो." अण्णा आणि हळू आवाज?

"बरंच झालं की," मी म्हणालो.

त्यांनी काखेतली वही माझ्यापुढं ठेवली. मी पानं उलटली. आणि मग मला दिसलं, की त्या सगळ्या अभिनंदनांच्या गर्दीत रोज एक नोंद होती. "नाव : सुनंदा. आली ७.१०. गेली ७.४०." गाव कोरं. काम कोरं. वर्षभर रोज.

सुनंदा म्हणजे त्यांची एकुलती लेक. कॅनडात असते. अण्णांसमोर तिचं नाव काढायची गल्लीत कुणाची टाप नव्हती. वर्षापूर्वी अक्कांनी माझ्याकडून गुपचूप मेसेंजर बसवून घेतला होता. तिकडं ती कॉम्प्युटरवर बसली की इकडं कोपऱ्यात छोटी चौकट यायची, सुनंदा आली म्हणून. अण्णांना यातलं काही माहीत नाही असं आम्ही दोघं शहाणे समजत होतो. माझ्या सफाईत ती चौकटसुद्धा गेली होती, आणि अक्का समजत होत्या, लेकच कामात असेल.

"तुम्ही बोलत होता तिच्याशी?"

"छ्या. कुठल्या तोंडानं? आली, गेली, एवढंच बघायचं." अण्णा बाकावर बसले. "लगीन करून नवऱ्याला घिऊन आलती. जातीबाहेरचा. मी आतनं कडी लावली. अर्धा तास पायरीवर उभी हुती पोरगी, मी आत बसून ऐकत हुतो. आयुष्यात एकदाच कुनाला दार लावलं मास्तर, ते बी हिलाच. परत हातनं कुनाला फुली मारवत न्हाय."

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत मी अण्णांच्या घरी जाऊन सगळं पहिल्यासारखं करून ठेवलं. अभिनंदन आलं, ती बाईही आली. सात दहाला कोपऱ्यात टुक् झालं.

अण्णांनी हात जोडले आणि वहीत नोंद केली. मग म्हणाले, "मास्तर, ह्यात बोलायचं कसं?"

मी दाखवलं. एका बोटानं एकेक अक्षर हुडकत त्यांनी इंग्रजी अक्षरांत तीन शब्द लिहिले : सुनंदा, जेवलीस का? खाली नाव घातलं, अण्णा.

अक्का मागं पदर तोंडाला लावून उभ्या. मग उत्तर आलं. "अण्णा? तुम्ही?" आणि पाठोपाठ, "अण्णा, घरी येऊ?"

अण्णांनी घाईघाईनं वही ओढली. त्या दिवसाची नोंद आधीच लिहून झाली होती. त्यांनी पेन घेतलं आणि सुनंदाच्या नावावर भली मोठी फुली मारली.

"अण्णा, हे काय?" मी ओरडलोच.

"घरच्या मानसाची नोंद पावन्यांच्या वहीत करायची नसती," अण्णा म्हणाले, आणि मागची पानं काढून एकेक फुली मारत बसले.