चाक फिरतं, पान हलत नाही

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझ्याकडे आलेलं बंद यंत्र चालू न होता परत गेलंय, असं कधी झालेलं नाही. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला माझा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे लटकलेली, आत एक बाई देवाचा धावा करतेय, बाहेर तिचा नवरा माझा धावा करतोय, अशा वेळी शांतपणे पाना मागणारा माणूस मी. तेव्हा मुठीत मावणारा प्लॅस्टिकचा माऊस माझ्यापुढे काय टिकणार, असं मला त्या सकाळी वाटलं तर त्यात माझं काय चुकलं?

झालं होतं असं. आमची ही गेलीये मुलीकडे. मुलगी राहते विमानानं जावं लागतं इतक्या लांब, आणि आम्हाला नात झाली. निघताना हिनं विचारलं, "तुम्ही राहाल ना नीट एकटे?" मी म्हणालो, "मजेत राहीन." तेव्हापासून दर फोनवर मी मजेतच आहे. खरं म्हणाल तर चहा टाकताना हाताला दोन कपांचीच सवय. तो दुसरा कपही मीच पितो आणि मग झोप उडवून आढ्याकडे बघत बसतो. टीव्हीवर बातम्या देणारी मुलगी नमस्कार म्हणाली की मी उलट नमस्कार करतो. परवा ती जाहिरातींसाठी थांबली, तर माझ्या तोंडून गेलं, "या हं लवकर." पण हे फोनवर कसं सांगणार? तिकडे नात रडत असते, लेक दमलेली असते. मी आपला मजेत.

तर त्या सकाळी हिची मेल आली. माझा फोन जुना, बटणांचा. त्यावर फक्त बोलता येतं. वाचायचं ते कॉम्प्युटरवर, आणि लेकीनं मागच्या खेपेला परत जाताना अक्षरं इतकी मोठी करून ठेवलीत की पडद्यावर चार वाक्यं मावली तर मावली. तेवढी मी वाचली.

"अहो, फोनवर सगळ्यांसमोर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. एक महत्त्वाचं विचारायचंय. आधी शेवटपर्यंत वाचा, मगच फोन करा. तिकिटाचं आजच ठरवायचंय."

तिथं पडदा संपला. मी माऊसचं चाक फिरवलं. चाक फिरलं, पान जागचं हललं नाही. उलटं फिरवलं, तरी तेच. बाण इकडून तिकडे धावत होता, बटणं टकटक वाजत होती, फक्त चाकानं संप पुकारला होता. तिकिटाचं म्हणजे कसलं तिकीट? यायचं की रद्द करायचं?

तेवढ्यात शेजारच्या बाई आल्या. शाळेत शिकवतात, बोलतातही शाळेतल्यासारख्याच. हल्ली रोज सकाळी साखर मागायला येतात. एवढी साखर या एकट्या बाईला कशाला लागते, हे कोडं मला सुटलेलं नव्हतं.

"काका, चाक चालत नसेल तर खालच्या बाणाचं बटण दाबा ना. पान सरकेल."

"बाई," मी म्हणालो, "लिफ्ट बंद पडली म्हणून मी आजवर कोणाला जिन्यानं जा असं सांगितलेलं नाही."

"अहो, पण वरती पोचणं महत्त्वाचं ना?"

"लिफ्ट चालणं महत्त्वाचं."

बाईंनी वाटीतल्या साखरेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेल्या. वर्गात शेवटच्या बाकाकडे बघतात तसंच बघितलं असणार. असू दे.

आता दुरुस्तीचा पहिला नियम म्हणजे वीज तपासणे. माऊसमधला सेल काढला, घरात नवा नव्हता, म्हणून भिंतीवरच्या घड्याळाचा काढून घातला. पान हललं नाही. घड्याळाचा जुना असेल म्हणून टॉर्चमधला घातला. तोही मरतुकडा निघाला असावा. मग आठवलं, दारावरच्या बेलमध्ये मी गेल्याच आठवड्यात नवा सेल बसवलाय. तो काढला. बेल गेली, घड्याळ गेलं, टॉर्च गेली, चाक मात्र तसंच! दुसरा एखादा इथं थांबला असता. मी स्क्रू ड्रायव्हर आणला.

माऊसच्या पोटात एवढी धूळ आणि कचरा असतो हे कोणी सांगितलं असतं तर मी वर्षानुवर्षं त्यावर हात ठेवून बसलोच नसतो. चाकाच्या दोन्ही बाजूंना मळाची पुटं चढलेली. मी स्पिरिटचा बोळा फिरवला, आणि ओलं झालेलं वाळवायला हिचा केस वाळवायचा ड्रायर काढला. वाऱ्यानं स्क्रू उडू नयेत म्हणून बेडरूमचं दार लावून घेतलं, सगळे भाग जेवायच्या ताटात मांडले आणि गुडघे टेकून ड्रायर चालू केला. ड्रायर जुना आहे. चालू झाला की विमानतळाशेजारी राहायला गेल्यासारखं वाटतं.

आता बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. हिला माझ्या फोनची वाट बघवेना, म्हणून हिनंच फोन केला. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, मी विमानतळावर. हिनं पुन्हा केला, पुन्हा केला. मग शेजारच्या बाईंना केला. बाई धावत आल्या, बेल दाबली. बेल मुकी. दार वाजवलं, हाका मारल्या. बाईंनी हिला सांगितलं, "काकू, आतून काहीच आवाज येत नाही, नुसतं काहीतरी घरघरतंय." घरघरतंय म्हटल्यावर हिच्या तोंडचं पाणी पळालं. मग सोसायटीचे सेक्रेटरी आले, वरच्या मजल्यावरचं जोडपं आलं, वॉचमन आला, आणि वॉचमन कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याला घेऊन आला.

मी ड्रायर बंद केला, मान वर केली, तर बेडरूमच्या दारात अर्धी बिल्डिंग उभी. मागे हॉलमध्ये माझं कुलूप दोन तुकड्यांत पडलेलं.

माझ्या डोक्यावर एक केस शिल्लक नाही, हे इथं सांगायला हवं.

बाई फोनमध्ये म्हणाल्या, "आहेत हो काकू, सुखरूप आहेत. केस वाळवतायत."

पलीकडून हिचा आवाज आला. "कोणाचे?"

सेक्रेटरींनी बाईंच्या हातातून फोन घेतला आणि स्पीकरवर टाकला. त्यांना सगळ्या गोष्टी सर्वांसमक्ष लागतात. आम्ही सगळे हॉलमध्ये आलो. मंडळी बसली, जागा मिळेल तिथं बसली. जायचं नाव कोणी काढेना.

"असं करायचं का हो?" हिचा आवाज रडवेला झाला होता. "मी तुम्हाला विचारलं होतं फक्त. ठरवलं नव्हतं. एवढं मनाला लावून घ्यायचं, दार लावून बसायचं, फोन उचलायचा नाही? रोज सकाळी बाईंना तुमच्याकडे पाठवते म्हणून, नाहीतर मला कळलं तरी असतं का?"

साखर कुठं जात होती ते मला त्या क्षणी कळलं. बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"अगं, मी कुठे काय मनाला लावून घेतलंय?"

"वाचलंत ना सगळं?"

"वाचलं की. दोनदा."

"मग सांगा."

सगळी बिल्डिंग माझ्या तोंडाकडे बघत होती. मी बाईंकडे बघितलं. बाई कुजबुजल्या, "काय लिहिलंय?" मी कुजबुजलो, "मला काय माहीत." हे कुजबुजणंही स्पीकरनं इमानदारीनं पलीकडे पोचवलं.

"अहो, म्हणजे वाचलं नाहीत तुम्ही?"

"वरचं वाचलं," मी म्हणालो. "खालचं सरकत नव्हतं. दुरुस्तीचं काम चालू आहे."

कुलूपवाला खोकला. मला वाटलं, आता ही चिडणार. ती चिडली नाही, तेच वाईट झालं. दमल्यासारखी बोलायला लागली.

"लेक म्हणतेय, आणखी वर्षभर राहा. बाळ चालायला लागेपर्यंत. तिला खरंच गरज आहे माझी. आणि तुमची चौकशी केली की तुम्ही म्हणता मजेत. मी इकडे आल्यापासून एकदाही म्हणाला नाहीत की कधी येतेस. मला वाटायला लागलं, घरी माझं आता काही अडत नाही. म्हणून लिहिलं की तुम्ही राहा म्हणालात तर राहते. तिकीट पुढं ढकलायचं ते आजच सांगायचंय विमान कंपनीला. बोला."

माझ्या जिभेवर आलंच होतं, की राहा खुशाल, इथलं सगळं व्यवस्थित आहे. शब्द तयार होते. मी समोर बघितलं. भिंतीवरचं घड्याळ बंद, दाराला कुलूप नाही, बेडरूमच्या उघड्या दारातून दिसणारा, ताटात वाढून ठेवलेला माऊस, आणि कितीतरी दिवसांनी घरात माणसं बसलेली. ती उठून गेली की पुन्हा मी आणि ती बातम्यांतली मुलगी.

"नको राहू," मी म्हणालो.

"काय? ऐकू येत नाहीये. बाळ रडतंय इथं."

"नको राहू म्हटलं. घर खायला उठतं."

"काय उठतं? मोठ्यानं बोला ना."

लिफ्ट अडकली की वरून आतल्या माणसाला हाक मारायचा माझा एक आवाज आहे. तो आपोआप लागला. "मी मजेत नाहीये! मला तुझ्याशिवाय करमत नाही! ठरलेल्या तिकिटावर ये!"

पलीकडे बाळसुद्धा गप्प झालं. मग ही हसली की रडली ते नीट कळलं नाही, पण आवाज मात्र एकदम हळू झाला.

"येते," ती म्हणाली. "येते हो. पण हळू बोला, शेजारच्यांना ऐकू जाईल."

मी समोर बघितलं. बाई पदरानं डोळे टिपत होत्या, वरचं जोडपं हात हातात घेऊन माझ्या सोफ्यावर बसलं होतं, सेक्रेटरी फोन उंच धरून उभे होते, आणि कुलूपवाल्यानं वॉचमनला टाळी दिली.

"नाही जाणार," मी तिला म्हणालो.