गळ्यातलं फुलपाखरू आणि कर्जतची एसटी

किसननाना सकाळी भेटले की रामराम घालत नाहीत. थेट आपल्या गळ्याकडं बघतात आणि विचारतात, "फुलपाखरू उठलं का?"

मिरजगावच्या शाळेत बदलून आलो, नानांच्या समोरची खोली घेतली आणि पहिल्याच सकाळी हा प्रश्न ऐकून मी घाईघाईनं कॉलर झटकली. नाना हसलेसुद्धा नाहीत. "तिथं न्हाई गुरुजी, आत हाय. कंठाच्या खाली, दोन पंख पसरून बसलेलं. थायरॉईड म्हनत्यात त्याला. ते दमलं की समदा गडी दमतो."

नाना एकटे राहतात. गावाबाहेर लिंबाची बाग, घरापुढं ओटा, ओट्यावर एकच लोखंडी खुर्ची. आल्यागेल्यानं पायरीवर टेकायचं. आणि नियम असा, की कर्जतची सकाळची एसटी गेल्याशिवाय चहाचं आधण ठेवायचं नाही. लिंबाचा व्यापारी आला तरी कोरडाच बसणार. एकदा गाडी वाटेत बंद पडली. ऊन पायरीवर आलं तरी नाना, एक व्यापारी आणि पुतणजावई रस्त्याकडं डोळे लावून बसलेले. जावई वैतागून म्हणाला, "नाना, गाडीलाच थायरॉईड झालाय जनू!"

"मंग तर थांबायलाच पायजे," नाना म्हणाले.

मी या प्रकाराला मनसोक्त हसायचो. पुढं मीच वर्गात पेंगायला लागलो. मुलांना गणित घालायचं आणि आपण फळ्याला टेकून डोळे मिटायचे. आवाज घोगरा झाला, पोट पुढं आलं, मला वाटलं आपण भारदस्त दिसायला लागलो. भर एप्रिलात स्वेटर घालून बाहेर पडलो, तेव्हा मात्र नानांनी वाट अडवली. "मला त्यातलं काय कळत न्हाई गुरुजी. पर उन्हाळ्यात स्वेटर बघितला की भ्या वाटतं. रक्त तपासून घ्या."

फुलपाखरू खरंच सुस्तावलं होतं. कर्जतच्या डॉक्टरांनी गोळी दिली. रोज उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि चहा पाऊण तासानं.

मी पडलो शिकलेला माणूस. गोळी थेट चहाबरोबर घ्यायला लागलो. पुढचा रिपोर्ट होता तिथंच. "पाण्याबरोबरच घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं. मी मान डोलावली. चहात पाणी असतंच की!

डॉक्टर फसले, नाना फसले नाहीत. पहाटेच माझ्या खिडकीतून आलं घातलेल्या चहाचा वास त्यांना पोचायचा. एक दिवस दार वाजलं. "गुरुजी, गोळी घ्या आन् गपगुमान वट्यावर या." तेव्हापासून मी रोज पायरीवर. नाना लिंबाचे भाव सांगायचे, मी जांभया द्यायचो, आणि एसटीचा हॉर्न ऐकला की दोघं शाळा सुटल्यासारखे आत पळायचो.

एकदा माझ्या गोळ्या संपल्या. म्हटलं, "नाना, तुमच्यातली एक द्या की."

"माझ्यातली? मला कुठं थायरॉईड हाय?"

मी विचारलं, "मग हे एसटीचं काय?"

नाना पायातली चप्पल काढून उगाच झटकायला लागले. "शेवंताला, माझ्या बायकूला हुता. ती गोळी घेऊन बसायची आन् मी तिच्या म्होरं फुर्र फुर्र करत चहा प्यायचो. एक दिवस म्हनली, बशी जरा इकडं सरकवा, वास तरी घेते. लई लाजलो, गुरुजी. तवापासून एसटी जाईस्तवर दोघंबी थांबायचो, तिचा पाऊण तास तवाच भरायचा. ती गेली. पर एसटीच्या आधी घोट काय घशाखाली उतरत न्हाई."

गेल्या आठवड्यात माझा रिपोर्ट आला. सगळं जागच्या जागी. सकाळी मी तो नाचवतच ओट्यावर गेलो.

"बरं झालं," नाना म्हणाले. मग रस्त्याकडं तोंड वळवून म्हणाले, "म्हंजी आता गोळी बंद. उद्यापासून तुमी घरीच चहा घ्यायला मोकळे."

"छे हो! डॉक्टर म्हणाले, गोळीमुळंच जागेवर आलंय. रोज घ्यायची. जन्मभर."

"जन्मभर?"

"जन्मभर."

"लई वाईट झालं," नाना म्हणाले. पण हे म्हणताना त्यांचे मिशीतले ओठ काही केल्या जागेवर राहीनात. ते तडक उठून आत गेले आणि वेताची एक छोटी खुर्ची घेऊन आले. इतक्या दिवसांत ती मी कधी पाहिली नव्हती. तिच्यावर धुळीचा कण नव्हता, तरी नानांनी ती उपरण्यानं पुसली आणि आपल्या खुर्चीशेजारी ठेवली.

"बसा," म्हणाले. "गाडी यायची हाय अजून."