संगणकाची खंडेनवमी

टप्प! माठाखालच्या वाटीत थेंब पडला आणि रविवारच्या दुपारची शांतता मोडली. नीलू कुशीवर वळली, पण उठली नाही, माझी गुणाची! यंदाच्या दुष्काळात पाण्याचा थेंबसुद्धा आम्ही वाटीत धरतो. मीही पोरगी झोपली तेवढा वेळ धरून लिहिते आहे.

तर ऐका! सबंध परंडा तालुक्यात संगणक कळणारी बाई एकच, आणि ती मी! नीलूला आईकडे ठेवून सोलापूरला तीन आठवडे शिकून आले. आमच्या दूध संघात यंत्र आलं तेव्हा चेअरमन वीरप्पा अण्णा म्हणाले होते, "लेकुरवाळी बाई. जमंल का हिला?"

"जी लेकराचं रडणं ओळखते तिला यंत्राचं काय जड?" असं म्हणून मी खुर्चीत बसले ती बसलेच!

यंत्र चालू केलं की पडद्यावर आकडे धावायचे आणि ६४० वर थांबायचे. म्हणजे एवढी मेमरी बसवलेली आहे, एवढं त्याच्या डोक्यात मावतं. खंडेनवमीला त्याची थाटात पूजा केली. दसरा झाल्यावर चालू करते तो काय, आकडे ५१२ वरच थबकले! चारावाटपाची यादी काढायला गेले तर म्हणे, मेमरी अपुरी! चाळीस गावांची जनावरं तोंड वासून बसलेली आणि हे ढिम्म, सासरी रुसून बसलेल्या जावयासारखं!

कॅनमध्ये दूध कमी भरलं की सेक्रेटरी शिवशरणमामा जे करतात तेच त्यांनी आताही केलं. "घट आली! पंच बोलवा, पंचनामा करा!"

पंच आले. दूध मोजणाऱ्या पिराजीनं यंत्राला कान लावला. "बाई, गळती वाटत न्हाय. आत कोरडं हाय."

अण्णा मात्र कडाडले, "सोमवारच्या बैठकीत यादी पायजे. न्हायतर ही खुर्ची माझ्या पुतण्याला. तू घरी लेकरू संभाळ, पोरी!"

मी उसळलेच! "अण्णा, यंत्र धडधाकट होतं. कुणीतरी आत हात घातलाय! त्यानं भर बैठकीत उभं राहून कबूल करायचं. त्याशिवाय त्याला चहा नाही!"

"माझ्याकडं काय बघता?" शिवशरणमामा म्हणाले. "मी तर त्याच्याकडं पाठ करून बसतो!"

"आन् म्या लांबूनच हात जोडतो!" पिराजी म्हणाला.

सोमवारी शेजारच्या खोलीत बैठक भरली. मी एकटीनं यंत्र बंद केलं, स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि वाकून बघितलं. आत हळदीकुंकू! काळ्या चौकोनी चिपा हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसारख्या ओळीनं नटून बसलेल्या!

खंडेनवमीला अण्णाच म्हणाले होते, "इंजिनाचं झाकण काढून चाकाला कुंकू लावतो आपण. ह्येला वरनं लावून काय पावणार?" आणि स्क्रू काढता येणारी बाई तालुक्यात एकच! सगळे प्रसादाला गेल्यावर मीच झाकण काढून पाची बोटं टेकवली होती, नीलूच्या कपाळाला लावते तशी, मायेनं, अंमळ दाबून. पाचवं बोट पडलं होतं तांदळाएवढ्या पांढऱ्या बटणांच्या ओळीवर. किती मेमरी बसवली आहे ते यंत्राला सांगणारी बटणं ती! त्यातलं एक खाली दबलेलं, वर ठसठशीत कुंकू!

केसातल्या पिनेनं बटण वर केलं. झाकण लावलं. यंत्र चालू केलं. ५१२... ५७६... ६४०! यादी खडाखडा छापून निघाली. ती घेऊन मी थेट बैठकीत गेले.

"शाब्बास, पोरी! खुर्ची तुझीच," अण्णा म्हणाले. "आता सांग, आत हात कुणी घातला व्हता?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हातातले कप हातातच!

"तांत्रिक बाब आहे, अण्णा. तुम्हाला सांगून कळायची नाही," मी मान ताठ ठेवून म्हणाले आणि माझा चहाचा कप उचलला.

आणि खरंच सांगते, माझी पूजा चुकली नव्हती! यंत्रालाच माया सोसत नाही, त्याला मी काय करू?

टप्प! आता मात्र नीलू उठून बसली आहे. लिहिताना पुटपुटायची माझी खोड. पोरीनं सगळं ऐकलं वाटतं. डोळे चोळत विचारते आहे,

"आई, मग तू कबूल न करताच चहा प्यालीस?"